निष्ठावंत चोर

तालुक्याच्या गावी, बसस्थानकाच्या आसपास, लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि दाखल्यांच्या झेरॉक्स काढून देणारे जे एक दुकान हमखास असते, त्याच्या मालकाला 'तुमचे कोरलड्रॉ विकत घेतलेले आहे काय' असे कधी विचारून पाहावे. तो रागावत नाही आणि लाजतही नाही. विचारणाऱ्याकडे किंचित कीवेने पाहतो. ज्या गृहस्थाने यंत्राचे पैसे मोजले, शाईचे मोजले, गाळ्याचे भाडे आणि विजेचे बिल कधी थकवले नाही, आणि उधारीच्या व्यवहारात ज्याची पत गावभर चोख मानली जाते, त्याला या एकाच वस्तूचे मोल देणे हा निव्वळ खुळेपणा वाटतो. संगणक जोडून देणाऱ्या मुलानेच सगळे 'टाकून' दिलेले असते. यंत्र मंदावले की तोच मुलगा येऊन ते 'फॉरमॅट मारतो' आणि सगळे पुन्हा टाकून जातो. या 'टाकण्या'त कोणाचे काही घेतले जात आहे, ही जाणीव त्या व्यवहारात कोठे उमटतच नाही.

या वर्तनावर आजवर दोन प्रकारची प्रवचने होत आली आहेत. पहिले कायद्याचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला वाङ्मयकृतीचा दर्जा मिळाला, म्हणजे कायद्याच्या लेखी एखादी कादंबरी आणि दुकानाचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर एका पंक्तीला बसले. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आले आणि बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस व कमाल ३ वर्षे कैद, शिवाय ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद झाली. वापर धंद्यासाठी वा नफ्यासाठी नसेल तर कैद माफ करून दंडावर भागवण्याची मुभा न्यायालयाला आहे. पण आमचा दुकानदार तर धंद्यासाठीच ती वापरतो, तेव्हा ही सवलतही त्याच्या वाट्याला येत नाही. कागदावर इतका करडा असलेला हा कायदा त्या गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचतो, आणि जो कायदा एक संपूर्ण व्यवसाय रोज, उघडपणे आणि निर्धास्तपणे मोडतो, त्या कायद्याचा धाक दाखवून कोणाचे मतपरिवर्तन होईल ही अपेक्षा भाबडी आहे.

दुसरे प्रवचन गरिबीचे, आणि ते अधिक विचारार्ह आहे. सॉफ्टवेअरची किंमत ज्या देशात ठरते त्या देशाच्या मिळकतीच्या मानाने ठरते. तीच किंमत रुपयांत रूपांतरित होऊन आली की एका होतकरू चित्रकाराचे कित्येक महिन्यांचे उत्पन्न गिळून टाकते. शिवाय, प्रत काढल्याने मूळ धन्याच्या घरातले काही उणे होत नाही. जो एरवी विकत घेऊच शकला नसता, त्याने प्रत उतरवली म्हणून कंपनीचा एक पैसाही बुडाला नाही. हा युक्तिवाद करणाऱ्यांना आपण चोर म्हणून मोकळे होतो, तेव्हा आपण आळस करतो असे मला वाटते. भौतिक वस्तूच्या चोरीत आणि या नकलेत फरक आहे, तो कबूल केला पाहिजे. कंपन्या आपल्या 'बुडीत' उत्पन्नाचे जे आकडे प्रसिद्ध करतात, त्यांत प्रत्येक नकलेमागे एक विक्री बुडाली असे धरलेले असेल तर ते हिशेब हास्यास्पद म्हटले पाहिजेत, हेही कबूल केले पाहिजे. मात्र हा युक्तिवाद उभा आहे तो एका गृहीतावर: दुसरा मार्गच नव्हता, या. लेखनासाठी लिब्रेऑफिस, रेखाटनासाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी गिंप, चित्रकलेसाठी कृता, पुस्तकाच्या मांडणीसाठी स्क्राइबस, त्रिमितीय चित्रणासाठी ब्लेंडर, आणि या सर्वांच्या बुडाशी लिनक्स, एवढे सगळे उघड्या बाजारात विनामूल्य, कायदेशीर आणि कोणाच्या मेहेरबानीवाचून उपलब्ध असताना मनुष्य जेव्हा विकतच्या सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणारी क्रॅक शोधायला निघतो, तेव्हा त्याला गरिबी ढकलीत नसते. दोन्हींची किंमत शून्यच आहे. मग तो शून्य किमतीच्या दोन वस्तूंपैकी चोरीचीच का निवडतो, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पैशात सापडत नाही.

ते सवयीत सापडते. आणि सवयीचे मोल कंपन्यांना फार पूर्वी उमगले होते. १९७६ च्या फेब्रुवारीत तरुण बिल गेट्स यांनी संगणकाचा छंद असणाऱ्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. त्यांच्या संस्थेने आल्टेअर या छोट्या संगणकासाठी तयार केलेली बेसिक ही भाषा छंदिष्ट मंडळी एकमेकांकडून उतरवून घेत होती, आणि ही चोरी चालू राहिली तर चांगले सॉफ्टवेअर लिहिण्याची उमेद कोणाला राहणार, असा त्या पत्राचा संतप्त सूर होता. त्यानंतर २२ वर्षांनी, १९९८ साली, वॉशिंग्टन विद्यापीठात वॉरन बफे यांच्यासह विद्यार्थ्यांपुढे बोलताना याच गेट्स यांनी चीनमधील नकलांविषयी जे उद्गार काढले त्यांचा आशय असा होता की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे. त्यांना त्याची चटक लागेल, आणि वसुली कशी करायची ते पुढच्या दशकात आम्ही पाहून घेऊ. पहिल्या पत्रातला कारागीर आपल्या कष्टांचा मोबदला मागत होता. दुसऱ्या उद्गारातला व्यापारी फार दूरचे पाहत होता, आणि त्याने पाहिलेले खरे ठरले. २०१३ मध्ये अडोबीने आपल्या सृजनात्मक सॉफ्टवेअरच्या पेट्या विकणे थांबवून मासिक वर्गणीचा पायंडा पाडला, तेव्हा जगभरच्या चित्रकारांना आणि मुद्रकांना ती वर्गणी टाळणे जे इतके अवघड गेले, त्याला त्या पिढीचे हात कोणत्या कळफलकावर वळले होते ही गोष्ट कारण होती. आणि ते वळले होते त्यांतले कितीतरी चोरीच्या प्रतींवर.

तेव्हा चोरीची प्रत वापरणारा स्वतःला कंपनीचा शत्रू समजत असेल, तर तो मोठ्या भ्रमात आहे. तो तिचा विनावेतन प्रचारक आहे. तो तिच्या फायलींचे स्वरूप गावभर पसरवतो, तिचे तंत्र होतकरू पोरांना शिकवतो, आणि 'कोरलमध्येच पाठवा, दुसरे इथे उघडत नाही' असे गिऱ्हाइकाला बजावून शेजारच्या दुकानालाही त्याच दावणीला बांधतो. कंपनीचे गिऱ्हाईक तो पळवत नाही, कारण तो गिऱ्हाईक होणारच नव्हता. तो पळवतो तो मुक्त सॉफ्टवेअरचा एक संभाव्य वापरकर्ता, म्हणजे स्वतःलाच. या व्यवहारात खरे नुकसान होते ते ज्यांनी आपले काम सर्वांसाठी मोकळे केले त्यांचे. त्यांची सगळ्यांत मोठी चढाओढ विकतच्या मालाशी नसून त्याच मालाच्या फुकट नकलेशी असते, कारण किमतीचा जो एक लाभ त्यांच्या बाजूला असायचा तो ही नकल हिरावून घेते.

ते काम मोकळे करणारे कोण आणि त्यांनी ते का केले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. 'फुकट मिळते' एवढ्यावर त्यांची वासलात लागते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेसर छपाईयंत्र दिले. आधीच्या यंत्रात कागद अडकला की थांबलेल्या सगळ्यांना तशी सूचना जाईल अशी सोय रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रामरने स्वतः करून ठेवली होती. नव्या यंत्राचा सोर्स कोड मात्र कोणाला दिलेला नव्हता, म्हणून ती सोय करता येईना. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे तो कोड होता त्याने गुप्ततेचा करारनामा लिहून दिलेला असल्यामुळे तो देण्यास नकार दिला. क्षुल्लक वाटणाऱ्या या नकाराने स्टॉलमन यांच्या मनात जे बीज पडले त्यातून १९८३ साली ग्नू या प्रकल्पाची घोषणा झाली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहिलेला लिनक्सचा गाभा याच परवान्याखाली येऊन मिळाला. 'ओपन सोर्स' हे नाव तर १९९८ चे, व्यापाऱ्यांना दचकवू नये म्हणून घेतलेले. त्या नावावरून दोन पंथांत जो वाद माजला त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच, की या चळवळीच्या मुळाशी किमतीची तक्रार नव्हती. कागद अडकला होता, तो दुरुस्त करण्याची अक्कल आणि इच्छा दोन्ही जवळ होती, आणि मनाई होती.

आणखी एक गोष्ट नकलेचे समर्थक सोयीस्करपणे विसरतात. जीपीएल हा परवाना कॉपीराइटच्या कायद्यावरच उभा आहे. कृतीवर कर्त्याचा हक्क आहे, म्हणूनच 'ही घ्या, बदला, वाटा. मात्र वाटाल तेव्हा पुढच्यालाही हेच हक्क द्या' अशी शर्त घालण्याचा त्याला अधिकार पोहोचतो. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने लिनक्सवर आधारलेले उपकरण सोर्स कोडवाचून विकणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला, तो याच आधारावर. जो म्हणतो की कॉपीराइट हे थोतांड आहे आणि ते मोडणे हाच जनतेचा हक्क, तो ज्या कंपन्यांवर दात खातो त्यांचे काही बिघडवू शकत नाही, कारण त्यांच्याजवळ वकील आहेत, ॲक्टिव्हेशनची कुलुपे आहेत आणि आता तर वर्गणी आहे. ज्यांच्याजवळ कायद्याच्या त्या एका कलमावाचून दुसरे कसलेच संरक्षण नाही, अशा मुक्त प्रोग्रामरच्या पायाखालची जमीन मात्र तो काढून घेतो.

जमिनीचाच विषय निघाला आहे तर आपल्या महसुली व्यवहारातला एक दाखला घेता येईल. परवाना विकत घेणारा हा कूळ असतो. खंड भरतो, कसतो, पण बांध हलवू शकत नाही. चोरीची प्रत वापरणारा हा त्याच मालकाच्या जमिनीवर कागदपत्रावाचून राहणारा मनुष्य. खंड वाचतो, परंतु त्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसते, विहीर आटली तरी त्याला अर्ज करता येत नाही, आणि मालकाने मनात आणले की त्याला उठावे लागते. मुक्त सॉफ्टवेअर हे गायरान आहे. त्यात प्रत्येकाची वहिवाट आहे, कोणी ते कुंपण घालून आपल्या नावे करू शकत नाही. आणि गायरानाचे जे सर्वत्र होते तेच येथेही होते, की चरायला सगळे येतात आणि बांधबंदिस्तीला दोघेतिघे. या शेवटच्या दोषाकडे पुढे यावे लागेल.

हा सगळा विचार अमेरिकेतल्या प्रयोगशाळेपुरता राहिला असता तर मराठी वाचकाचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. पण चोरीच्या प्रतीने मराठी भाषेच्या बाबतीत जे केले आहे ते पाहिले म्हणजे हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या सचोटीचा राहत नाही. मराठीत डीटीपीचा जो व्यवसाय १९९० च्या दशकात वाढला तो पेजमेकरवर वाढला. अल्डस कंपनीने १९८५ मध्ये काढलेले हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये अडोबीकडे आले, त्याची सातवी आणि अखेरची आवृत्ती २००१ मध्ये निघाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचा विकास थांबला. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे एकाच पद्धतीने साठवण्याची संकेतप्रणाली, त्याला कधीच ठाऊक नव्हती. देवनागरीची अक्षरे दिसावीत म्हणून रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट तयार झाले. प्रत्येक विक्रेत्याची जुळणी निराळी, आणि त्यातल्या कित्येक फाँटांच्या नकला पेजमेकरच्या नकलेबरोबरच एका सीडीतून दुसऱ्या सीडीत फिरत राहिल्या. काम होत होते, पुस्तके छापून निघत होती, दिसायलाही नेटकी दिसत होती. म्हणून कोणाला काही खटकले नाही.

वीसेक वर्षांपूर्वीची अशी एखादी फाइल आजच्या संगणकावर उघडून पाहावी. मूळ फाँट जवळ नसला की पानभर रोमन अक्षरे, अवतरणचिन्हे, टक्क्याची आणि पौंडाची चिन्हे यांची एक अर्थहीन रांग समोर येते. संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठी कधी नव्हतीच, होता तो केवळ मराठीचा देखावा. अशा मजकुरात एखादे नाव शोधता येत नाही, शब्दसूची आपोआप करता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, अंधांच्या वाचनयंत्राला तो वाचता येत नाही. तो युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्या आहेत, परंतु त्यांच्यातून बाहेर पडलेल्या मजकुरात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी आपले व्यंजन सोडून मागे राहते, 'सुऱ्या'तला अर्धा र नाहीसा होतो, आणि पुन्हा एकदा ओळ न् ओळ मुद्रितशोधन करावे लागते. मराठीच्या एका अख्ख्या पिढीचे वाङ्मय या अवस्थेत टाकणारे कारण एकच आहे असे मी म्हणणार नाही. युनिकोडचा प्रसारच उशिरा झाला, आणि सरकारी खात्यांनीही जुने फाँट सोडायला फार वेळ घेतला. पण विकास थांबलेल्या एका सॉफ्टवेअरला इतकी वर्षे चिकटून राहणे शक्य झाले, त्यात त्याची प्रत फुकट पडली होती याचा वाटा मोठा आहे. जो पैसे मोजतो तो केव्हातरी नव्या आवृत्तीची विचारपूस करतो. ज्याने काहीच मोजलेले नाही त्याला जुने सोडण्याचे कारणच उरत नाही.

शिवाय, ज्याचे नाव उताऱ्यावर नाही त्याला तक्रारही करता येत नाही. चोरीच्या प्रतीत जोडाक्षर फुटले तर तो मुद्रक कोणाला पत्र लिहिणार होता? हजारो मराठी मुद्रक एखादे सॉफ्टवेअर वापरीत असले तरी कंपनीच्या वहीत मराठी गिऱ्हाइकांच्या नावाची नोंद तुरळक. मग त्या बाजारपेठेसाठी खर्च करण्याची निकड तिला कशी वाटावी? अडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवण्याची अधिकृत सोय २०१२ च्या सुमारास आली. तोवर या सॉफ्टवेअरच्या कितीतरी आवृत्त्या निघून गेल्या होत्या. आपण आपल्या भाषेची मागणी चोरून भागवली, आणि त्यामुळे ती मागणी म्हणून कोठे दिसलीच नाही.

याच्या उलट जे घडले ते पाहण्यासारखे आहे. स्क्राइबस हे पुस्तके आणि वृत्तपत्रे मांडण्याचे मुक्त सॉफ्टवेअर. त्यातही प्रदीर्घ काळ अरबी किंवा देवनागरीसारख्या लिप्या धड जुळत नसत. ही उणीव भरून काढण्याचे काम ओमानमधल्या एका छोट्या गटाने अंगावर घेतले, कारण त्यांना आपली अरबी त्यात मांडायची होती. त्यांनी त्यासाठी हार्फबझ ही अक्षरजुळणीची मुक्त प्रणाली स्क्राइबसला जोडली, जी फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांच्यात आधीपासून काम करीत होती, आणि जिचा स्वीकार पुढे इनडिझाइननेही केला. अरबीसाठी केलेले ते काम देवनागरीच्या, मलयाळमच्या, बंगालीच्या आपोआप उपयोगी पडले. ओमानच्या त्या मंडळींनी मराठीचे नावही घेतले नसेल. तरी आज स्क्राइबसमध्ये 'र्‍ह' आणि 'ज्ञ' योग्य उमटतात ते त्यांच्यामुळे.

आणि त्याचे पीक घेतले केरळने. २०१९ साली जनयुगम् या मलयाळम दैनिकाने पेजमेकर आणि जुने फाँट टाकून देऊन आपले सारे काम स्क्राइबस, गिंप आणि लिनक्सवर आणले, युनिकोड फाँटांत आणले. दैनिक म्हणजे रोज रात्री ठरलेल्या वेळी पाने छापखान्यात गेलीच पाहिजेत; तिथे प्रयोगाला सवड नसते. हे धाडस त्यांना करता आले, कारण केरळात त्यासाठी भुई तयार होती. तिथल्या शाळांत २००१ पासून आयटी ॲट स्कूल ही योजना चालू होती, ती पुढे संपूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर आली. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवले, पाठ्यपुस्तके त्याच धोरणाने लिहिली गेली, आणि मलयाळम फाँट आणि साधने घडवणारे स्वयंसेवकांचे गट त्याच काळात उभे राहिले. आपल्याकडे त्याच २००१ मध्ये एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याने लाखो मराठी माणसांना संगणकापुढे बसवले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्याने मुख्यतः जे शिकवले ते एकाच कंपनीचे विंडोज आणि एकाच कंपनीचे ऑफिस. सरकारी नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राची सक्ती होती. वर्गात शिकलेले घरी सरावाला हवे, घरच्या संगणकावर तेच हवे, आणि ते विकत घेण्याची ऐपत नाही. अशा विद्यार्थ्याला क्रॅकच्या दारात आपण नेऊन उभे केले आणि वर त्याला नीतीचे पाठ दिले. ही सरकारदरबारची विसंगती मला दुकानदाराच्या नकलेहून अधिक आक्षेपार्ह वाटते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. ते दफ्तरातून शाळेत कधी उतरणार, हे धोरणात लिहिलेले नाही.

मुक्त सॉफ्टवेअर सर्वच बाबतींत सरस आहे, असे म्हणणारे त्याचे अहित करतात. छपाईसाठी लागणारी चौरंगी रंगव्यवस्था गिंपमध्ये आजवर लंगडीच राहिली आहे, आणि रंगीत मासिकाचे काम करणाऱ्या कलावंताला ती अडचण खरोखरीची असते. कोरलच्या सवयीचा हात इंकस्केपवर पहिले काही आठवडे चिडतो, आणि त्या आठवड्यांत धंदा बुडतो. म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचे ठरवले; त्यात राजकारण होते, तशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. ज्याचे काम विकतच्या साधनावाचून होतच नाही त्याने ते विकत घ्यावे, वर्गणी गिऱ्हाइकाच्या बिलात लावावी, आणि निर्वेध काम करावे. त्यात कमीपणा काही नाही. माझा आक्षेप नकलेच्या मधल्या मार्गाला आहे, ज्याला लोक व्यवहार म्हणतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. नकल पकडली जाईल या भीतीने ज्यांनी 'अपडेट' कायमचे बंद करून ठेवले होते, त्यांना ती मिळाली नाही. आणि क्रॅकची ती छोटी फाइल चालवण्यासाठी अँटीव्हायरस आधी बंद करायला सांगितले जाते, तेव्हा आपण कोणावर विश्वास टाकतो आहोत, हा विचार हिशेबी म्हणवणाऱ्या माणसाच्याही मनात येत नाही.

गायरानाच्या बांधबंदिस्तीचा मुद्दा मागे राहिला होता. ओपनएसएसएल ही आज्ञावली इंटरनेटवरील सुरक्षित व्यवहारांचा केवढा तरी भाग सांभाळीत होती. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचे भगदाड तिच्यात सापडले, तेव्हा जगाला कळले की ती राखणारी माणसे मोजकीच आहेत आणि त्यांना मिळणारा पैसा नगण्य आहे. फुकट मिळते म्हणून मुक्त सॉफ्टवेअर घेणारा आणि फुकट मिळते म्हणून नकल घेणारा, यांच्या वृत्तीत तेवढ्यापुरता फरक नाही, हे मान्य करावे लागते. फरक पुढे पडतो. नकल घेणाऱ्याने उद्या मनात आणले तरी तो त्या सॉफ्टवेअरला काही देऊ शकत नाही. पैसे दिले तर तो कूळ होतो, हिस्सेदार होत नाही. मुक्त सॉफ्टवेअर घेणाऱ्याला दार उघडे असते. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीहून निराळी असतात, ती दाखवणारे मुक्ता किंवा यशोमुद्रा यांसारखे मुक्त फाँट आज आहेत, कारण कोणी तरी ते घडवून मोकळे केले, राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थेनेही त्यात हात घातला. लिब्रेऑफिसच्या मराठी शब्दतपासणीत शब्द उणा असला तर तो सुचवता येतो. स्क्राइबसमध्ये ओळीच्या शेवटी मराठी शब्द चुकीच्या जागी तुटला तर ती तक्रार सार्वजनिक वहीत क्रमांकासह नोंदली जाते, आणि ती दूर करण्यासाठी एखाद्या प्रोग्रामरला पैसे देऊन कामाला लावणे पुण्यामुंबईच्या चारदोन प्रकाशकांना एकत्र येऊन सहज परवडेल. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला जो खर्च येतो त्याहून फार अधिक लागणार नाही.

राहता राहतो जुन्या फायलींचा ढीग. 'सगळे जुने काम पेजमेकरमध्ये आहे, ते सोडून कसे जायचे' ही सबब प्रत्येक छापखान्यात ऐकू येते, आणि ती खोटी नाही. जी पुस्तके पुन्हा निघणार आहेत तेवढी आधी बदलावीत, बाकीच्यांची निदान पीडीएफ आणि मूळ फाँट एकत्र जपून ठेवावेत, आणि नवे प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये करावे, याहून सोपा मार्ग मला दिसत नाही. छापखान्याला आता बहुधा पीडीएफच लागते; ती कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघाली याची तिथल्या यंत्राला फिकीर नसते. बदललेल्या मजकुराचे मुद्रितशोधन मात्र माणसानेच करायचे आहे, त्याला पाने मोजून पैसे द्यावे लागतील, आणि यंदा टाळले म्हणून ते काम कमी होणार नाही. त्याच जुन्या फाँटात यंदा जितकी नवी पुस्तके लागतील, तितके ते पुढच्या वर्षी वाढलेले असेल.